कडा दुमडणारी

कोणाच्याही घरी पाहुणे म्हणून जा आणि घरधन्याला सहज विचारा, "वहिनी काय करतात?" चटकन उत्तर येतं, "ती काय करणार? घरीच असते." हे सांगणाऱ्याच्या हातात त्याच वहिनींनी केलेला चहा असतो, अंगात त्यांनीच धुऊन इस्त्री केलेला सदरा असतो, आणि तरी त्याची जीभ अडखळत नाही. ही सवय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटतही नाही. वाटतं ते वेळ निघून गेल्यावर. पुढची गोष्ट अशाच एका घरातली आहे, आणि ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका गल्लीच्या तोंडाशी एक बसकं घर होतं. त्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे कारखाना, आणि कारखाना म्हणजे एक टेबल, एक ऐरण आणि एक कारागीर. तेलाचे आणि बिस्किटांचे रिकामे डबे तो उघडून सपाट करायचा. त्या पत्र्यातून बदक, कोंबडी, आगगाडी कापायची, वाकवायची, वितळलेल्या कथलानं झाळून जोडायची, पोटात स्प्रिंग बसवायची आणि बाहेर एक छोटी चावी काढायची. चावी फिरवली की बदक डुलत डुलत चालायचं. सगळी गल्ली त्याला चावीदादा म्हणायची. त्याचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं, आणि तोही नवीन आला की चुकायचा.

डोकं मात्र मोठं सुपीक. त्याची कोंबडी नुसती दाणे टिपायची नाही. टिपता टिपता मध्येच थांबायची, मान वर करायची, कोणी बघत तर नाही ना अशी इकडेतिकडे पाहायची आणि मग पुन्हा टिपायला लागायची. ती मान वर व्हावी म्हणून त्यानं जेवणखाण सोडून दिवसच्या दिवस डोकं खाजवलं होतं. मोठी माणसंसुद्धा त्या कोंबडीपुढे उकिडवी बसून हसायची आणि चावीदादाची छाती फुगायची. फुगावी अशीच कारागिरी होती ती.

याच खोलीत दाराआड एका बुटक्या स्टुलावर त्याची बायको बसायची. येणाऱ्याला आधी तो दिसायचा, मग टेबल, मग खिडकीत मांडलेली खेळणी. ती दिसायची ती कोणी निघताना दार ओढायला वळलं तर. कापलेल्या पत्र्याची कड म्हणजे सुरीच. ती पक्कडीनं आत दुमडायची, लाकडी हातोडीनं हलकेच दाबायची आणि दुमड जिथे संपते तिथे राहिलेलं टोक कानशीनं घासायचं, हे तिचं काम. जोडून झालेलं खेळणंही पुन्हा एकदा तिच्या हाताखालून जायचं, मगच ते खिडकीत बसायचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे असंच चाललं होतं.

एखादं गिऱ्हाईक विचारायचं, वहिनीही मदत करतात वाटतं? त्यावर चावीदादाचं उत्तर ठरलेलं होतं. ती होय, ती नुसत्या कडा दुमडते, बसल्या बसल्या हाताला काहीतरी हवं ना. लोक हसायचे, तीही हसायची. अशा वेळी बायका हसतातच. नाही हसल्या तर 'एवढं फुगायला काय झालं' हे वेगळं ऐकून घ्यावं लागतं.

चावीदादा वाईट माणूस होता का? मुळीच नाही. व्यसन नाही, मारझोड नाही, साधा आवाजसुद्धा कधी चढायचा नाही. बायकोला ताप आला तर हातातलं काम टाकून तिला डॉक्टरकडे न्यायचा. फक्त त्याला ती दिसत नव्हती. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस न दिसण्याचा हा आजार फार पसरलेला आहे, आणि तो भल्या माणसांनाच जास्त होतो, कारण दुष्टांना निदान कोणीतरी टोकतं तरी.

एका दुपारी कडा दुमडता दुमडता तिला दरदरून घाम फुटला. "जरा पडते हो," म्हणून ती आत गेली. त्यानं 'हं' म्हटलं. आगगाडीचं मागचं चाक नेमकं बसत आलं होतं, म्हणून त्यानं ठोकणं थांबवलं नाही. चाक बसलं, गाडी टेबलावर सरळ धावली, आणि मग तो चहा मागायला आत गेला. ती गेलेली होती.

सगळं आटोपलं, पाहुणे पांगले. परगावी दिलेली लेक मागे राहिली, आणि तिच्याबरोबर तिची लहानगी. या नातीला घरात सगळे चिमणी म्हणायचे. लेक म्हणाली, बाबा, थोडे दिवस राहते. चावीदादाला तेवढाच आधार झाला. सकाळी घरात बांगड्यांचा आवाज आला की एक क्षण त्याला वाटायचं, सगळं होतं तसंच आहे. मग आठवायचं, आणि मग तो बराच वेळ अंथरुणातच बसून राहायचा.

बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानदारानं बदकं सांगून ठेवली होती. घाई नाही, सवडीनं द्या, असा त्यानं निरोपही पाठवला होता. पण लोक म्हणाले, कामात जीव गुंतव, दुःख हलकं होईल. म्हणून चावीदादा पुन्हा टेबलाशी बसला. कापलं त्यानंच, झाळलं त्यानंच, आणि कडाही त्यानंच दुमडल्या. त्यात काय मोठंसं, असं त्याला वाटलं. पक्कड घेतली, दुमडलं, दाबलं, कानस फिरवली आणि शेवटी प्रत्येक बदकाच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. कुठे काही लागेना. बदकं दुकानात गेली. पहिलं बदक त्यानं चिमणीला दिलं.

चिमणीनं ते बदक दुपारभर चालवलं. त्याला पाणी पाजलं, दटावलं, त्याची समजूत काढली. मग लहान मुलं करतात तेच तिनं केलं. झोप आली तसं तिनं बदकाला गालाशी घट्ट धरलं आणि कूस बदलली.

तिची किंकाळी ऐकून लेक स्वयंपाकघरातून धावत आली. बदकाच्या शेपटीनं डोळ्याच्या खाली गाल चिरला होता. उशी, फ्रॉक, बदक, सगळं रक्तानं माखलं होतं. तशीच तिला उचलून दोघं दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी टाके घातले. थोडक्यात डोळा वाचला, म्हणाले.

घरी आल्यावर चिमणीला निजवून लेक बाहेर आली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, मी परवा निघते. तुमचं खेळणं यापुढे माझ्या घरात नको. आणि खरं सांगू? तिला घेऊन पुन्हा इथे यायचं धाडस होणार नाही माझ्याकडून."

चावीदादा घाबरला. बायको गेली होती, आता लेक आणि नातही जाणार. खरं तर त्यानं तिथेच लेकीचे हात धरायला हवे होते. पण माणसाचा स्वभाव विचित्र असतो. भीती वाटली की तो आधी स्वतःची बाजू मांडायला लागतो. चावीदादाही लागला. आताच्या डब्यांचा पत्राच हलका येतो, म्हणाला. पोरीनं आपटलं असेल, कड उघडली असेल, म्हणाला. आजवर माझ्या खेळण्यानं एका पोराला खरचटलंसुद्धा नाही, म्हणाला. हे शेवटचं तर अक्षरशः खरं होतं. ते खरं कशामुळे होतं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

नातीची बातमी ऐकून त्याची थोरली बहीण आली. ही अक्का गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची. जिभेनं तिखट, पण भावजयीवर तिचा जीव. कित्येक दुपारी ती निवडण-टिपण घेऊन या दाराआड येऊन बसायची, दोघींच्या गप्पा चालायच्या आणि गप्पांबरोबर कडा दुमडणंही चालायचं. अक्कानं आधी चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बाहेर येऊन भावानं पत्र्याला लावलेला सगळा बोल शांतपणे ऐकून घेतला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. "अंगठा दाखव तुझा."

त्यानं दाखवला.

"यानंच तपासलंस ना बदक? अरे, हे कातडं आहे की चामड्याचा तुकडा? विस्तव टेकवला तरी कळायचा नाही तुला."

तिनं ते बदक उचललं, स्वतःची बाही वर केली आणि मनगटाच्या आतल्या बाजूवरून शेपटीची कड अगदी हलकेच फिरवली. एक बारीक लाल रेघ उठली. थोड्या वेळानं तिच्यातून रक्ताचा थेंब वर आला.

"ती असं बघायची," अक्का म्हणाली. "बोटं तर तिचीही तुझ्यासारखीच मेली होती. म्हणून मनगटानं बघायची. मनगट निबर झालं, तेव्हा दंडानं. आणि अगदी तान्ह्या पोरासाठी असलं तर गालानं. मी रागवायचे. तर म्हणायची, वन्सं, पोरं गालाशीच धरतात हो, मग गालालाच विचारायला नको का?"

चावीदादा खाली बसला. म्हणाला, "मला कधी बोलली नाही ती."

"तू कधी विचारलंस?"

विचारलं होतं. त्याला आठवलं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं. एकदा जेवताना तिच्या हातावरचे ओरखडे त्याला दिसले होते. तो हसून म्हणाला होता, मांजर पाळलंयस की काय? तीही हसली होती आणि तिनं बाही खाली ओढून घेतली होती. मग त्यानं आणखी भाजी मागितली होती.

केवढा हा आंधळेपणा! बदक एका बाजूला केसभर झुकलं तर ज्याला लांबून कळायचं, त्याला शेजारी बसलेल्या बायकोचे हात कळले नाहीत! तिच्या अंगावर रोज एक नवी रेघ उठत होती, म्हणून गावातल्या पोरांच्या अंगावर उठत नव्हती. आणि गाव नाव घेत होतं ते याचं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दिवशी चावीदादाचे डोळे उघडले. पण ज्या माणसाला बघायचं होतं ते माणूसच उरलं नव्हतं.

तो तडक बाजारात गेला आणि दुकानदाराकडे सगळी बदकं परत मागितली. दुकानदार म्हणाला, अहो, गिऱ्हाईक विचारत येतंय, जरा घासून द्या की झालं. चावीदादानं मान हलवली.

"नको. खेळणी बनवणारी गेली. मी नुसता पत्रा कापायचो."

दुःखानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं दुकानदाराला वाटलं. तरी तो भला होता. जी थोडी विकली गेली होती ती कोणी नेली ते त्यानं आठवून सांगितलं. चावीदादा त्या घरांच्या पायऱ्या चढला. या बदकाची कड नीट नाही, पोराला लागेल, परत द्या, असं प्रत्येक दारात सांगितलं. एका घरात पोरगी बदक सोडेना. तिच्या मुठीचं एकेक बोट उघडून त्यानं ते सोडवून घेतलं.

घरी आल्यावर त्यानं बाही सारून मनगट पुढे केलं. काही कळेना. झाळण्याच्या चटक्यांनी तेही कधीचं निबर झालं होतं. गालाला लावून पाहिलं, तर दाढीचे खुंट आणि उन्हानं रापलेलं कातडं. तिथेही काही कळेना. पोराला काय टोचेल हे कळण्याइतकी मऊ जागा त्याच्या अंगावर कुठे शिल्लकच नव्हती. त्यानं ठरवलं, कारखाना बंद. बदकं ठोकून सपाट करायची आणि भंगारात घालायची.

दुसऱ्या दिवशी लेकीनं चिमणीच्या गालाची पट्टी बदलली. उजेड हवा म्हणून ती खिडकीपाशी, त्या टेबलाजवळच बसली होती. पट्टी झाली, चिमणीला घेऊन ती आत गेली आणि उरलेला कापूस टेबलावर विसरली. चावीदादानं मोडायला म्हणून बदकांच्या ढिगातलं एक उचललं. त्याच्या शेपटीला कापसाची तार अडकून आली.

तो बघत राहिला. मग त्यानं कापसाचा बोळा करून कडेवरून फिरवला. जिथे कड गुळगुळीत होती तिथून बोळा सरकत गेला. जिथे धार होती तिथे पत्र्यानं कापूस ओढून धरला आणि तार मागे राहिली. त्यानं तेवढीच जागा कानशीनं घासली आणि पुन्हा बोळा फिरवला. बोळा सरकला. दुसऱ्या बदकावर पाहिलं, तिसऱ्यावर पाहिलं. एकदाही चूक झाली नाही. नवीन युक्ती साधली की कारागिराला जो आनंद होतो तो त्याला झाला, आणि सवयीनं तो दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "अगं, हे बघ!"

दाराआड कोणी नव्हतं.

लेक बाहेर आली तेव्हा वडील टेबलावर डोकं ठेवून रडत होते. आई गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. तिनं खांद्यावर हात ठेवला, तशी त्यांनी मूठ उघडून कापूस दाखवला.

"एवढंच होतं गं," ते म्हणाले. "कापसाचा एक बोळा. त्या कोंबडीनं मान वर करावी म्हणून मी जेवण सोडून बसलो होतो. तुझ्या आईच्या हातासाठी एक दुपार बसायचं होतं. तेवढंसुद्धा लागलं नसतं. ती जन्मभर कातडं सोलून घेत राहिली आणि मी एकदा धड विचारलं नाही, की तुला हे होतं कशानं?"

जाऊ दे बाबा, असं लेक म्हणाली नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "आई तुमची कोंबडी येईल त्याला दाखवायची. म्हणायची, बघा, आमच्याकडचं डोकं बघा." हे ऐकून त्यांना आणखीच लागलं. पण तेही ऐकून घेणं त्यांच्या वाट्याचं होतं.

ठरल्याप्रमाणे लेक निघाली. पिशवी दारात ठेवली होती, रिक्षा बोलवायची तेवढी राहिली होती. चिमणीला उचलायला ती वाकली आणि चावीदादाच्या लक्षात आलं, ही पोरीला डाव्या हातानं उचलते आहे. मग एकेक आठवू लागलं. पाणी भरताना डावा हात, गादी ओढताना डावा, दवाखान्यात चिमणीला धरलं तेव्हाही डावाच. लहानपणापासून उजव्या हाताची असलेली त्याची लेक. हे रोज डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि आजच दिसलं.

"उजव्या हाताला काय झालंय तुझ्या?" त्यानं विचारलं.

"कुठे काय? काही नाही, बाबा."

आधीचा चावीदादा असता तर 'बरं' म्हणून वळला असता. या वेळी त्यानं पुढे होऊन चिमणीला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि लेकीला म्हणाला, "काही नाही म्हणू नकोस. बस इथे. कधीपासून दुखतोय, ते सांग."

लेक उभीच राहिली. मग ती उंबऱ्यावरच बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडू लागली. खांदा किती महिने दुखत होता, घरची धुणी, शिवणाची कामं, चिमणीला घेऊन जिने चढणं, शेवटी शेवटी केससुद्धा विंचरता येईनासे झाले, हे सगळं तिनं सांगितलं. नवऱ्याला बोलली नव्हती, सासूला बोलली नव्हती. आईला बोलणार होती. चावीदादानं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, शहाणपण सांगितलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. तो ऐकत राहिला. पिशवी संध्याकाळपर्यंत दारातच होती, आणि मग लेकीनंच ती आत नेली. दुसऱ्या दिवशी बापलेक दवाखान्यात गेले.

चावीदादा पुन्हा खेळणी करतो, पूर्वीपेक्षा कमी. कोणी विचारलं तर आधी त्या कडा दुमडणाऱ्या बाईबद्दल सांगतो, मग स्वतःबद्दल. लेक येते, चिमणीला घेऊन येते. चिमणीच्या गालावरचा व्रण मात्र आहे, तो राहणार. आणि हे सगळं ऐकायला जी हवी होती ती नाही, याला कोणाकडेच उपाय नाही.

वाचकहो, गेलेल्या माणसाचं कौतुक करायला सगळे जमतात. त्या कौतुकानं त्याच्या हातावरचा एक ओरखडाही बरा होत नाही. आपल्या घरातही कोणीतरी रोज कडा दुमडत असतं, म्हणून तर आपल्याला काही टोचत नाही. ते काम दिसत नाही, याचा अर्थ ते होत नाही असा नव्हे, आणि त्याला काही मोल नाही असा तर मुळीच नव्हे. तेव्हा आज घरी गेलात की त्या माणसाचे हात नीट बघा आणि विचारा, दुखतंय का कुठे? बहुधा उत्तर येईल, काही नाही. ते ऐकून उठू नका. तिथेच बसून राहा.